डोंगळ्याच्या कळीतला मायोसिस : प्रोजेक्टच्या नोंदी

५ जानेवारी

प्रोजेक्टचा विषय आज ठरला. कांद्याच्या कळीतला मायोसिस, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं अर्धसूत्री विभाजन. मॅडमनी आधी नाकतोड्याचं नाव काढलं होतं, कारण मायोसिस दाखवायला नाकतोड्याचं वृषण हे जुनं, नावाजलेलं मटेरियल आहे, पण थंडीत नाकतोडे शोधत कुठं फिरणार, आणि आमच्या मळ्यात तर डोंगळ्याचा, म्हणजे बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याचा, प्लॉट उभा आहे, मग मी म्हटलं की कळ्या मी घरूनच आणते.

कांद्याचा मोठा फायदा असा की गुणसूत्रं फक्त १६, म्हणजे ८ जोड्या, आणि ती चांगली मोठी. कांद्याचा जीनोम, म्हणजे गुणसूत्रांच्या एका संचातला सगळा डीएनए, साधारण १६०० कोटी बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा), म्हणजे माणसाच्या पाचपट. एवढा डीएनए ८ तुकड्यांत बसवलाय म्हटल्यावर एकेक गुणसूत्र जाडजूड असणारच, कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपखालीही ते दिसतं.

डोंगळे सध्या ऐन भरात. दिवाळीनंतर बियाण्याचे कांदे वरून तिसरा हिस्सा कापून लावले होते. कांद्याला थंडी मिळाली की आतला कोंब पानं काढायची सोडून फुलाचा दांडा काढतो, त्याच्या टोकाला पापुद्र्यात गुंडाळलेला गोंडा, आणि पापुद्रा फाटला की आत शेकडो कळ्या. आमच्या कामाची गोष्ट म्हणजे एका गोंड्यातल्या कळ्या एकाच वयाच्या नसतात, काही उमललेल्या, काही हिरव्या, काही अगदी बारीक दाण्यासारख्या, त्यामुळं एकच गोंडा आणला तरी मायोसिसच्या बहुतेक अवस्था त्यात कुठंतरी असतातच. आप्पांनी परवानगी दिली पण अट घातली, "कडेच्या सरीतला तोड, मधल्याला हात लावायचा नाही."

८ जानेवारी

सकाळी नऊच्या सुमाराला गोंडे तोडले आणि मळ्यातच फिक्स केले. तीन भाग अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, म्हणजे कार्नॉयचं द्रावण, आणि ते ताजंच करावं लागतं, आदल्या दिवशी करून ठेवलेलं चालत नाही. फिक्स करणं म्हणजे पेशी ज्या क्षणी जे करत होती तिथंच तिला थांबवणं. चोवीस तासांनी कळ्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकून फ्रिजमध्ये ठेवल्या की कितीतरी दिवस टिकतात.

कॉलेजला नेऊन मग फिक्स करू असं आमच्या ग्रुपमधल्या एकीचं म्हणणं होतं, पण तोडलेला गोंडा तासभर पिशवीत राहिला की पेशींचं वेळापत्रक बिघडतं. बाटल्या मळ्यात नेणं हाच खरा उपाय.

१० जानेवारी

स्क्वॅश, म्हणजे पेशी काचेवर दाबून पसरवणं. ज्यांना पुढच्या वर्षी हे करायचंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहून ठेवते.

साधारण दोन-तीन मिलिमीटरची कळी घ्यायची, सुईनं उघडायची. आत सहा पुंकेसर. त्यातला एकच परागकोश काढून ॲसिटोकार्मिन या रंगाच्या थेंबात फोडायचा आणि बघायचं. परागकोश पिवळा आणि अपारदर्शक झाला असेल तर उशीर झाला, आत परागकण तयार झालेत. पाणचट, आरपार दिसणारा असेल तर आशा आहे. एका कळीतले परागकोश जवळजवळ एकाच अवस्थेत असतात, आणि एका परागकोशातल्या परागमातृपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून परागकण होतात त्या पेशी, तर एकमेकींना बारीक वाटांनी जोडलेल्या असतात आणि सगळ्या बरोबरीनं पुढं सरकतात. त्यामुळं एक परागकोश बघून अवस्था कळली की उरलेले पाच चांगल्या स्लाईडसाठी राखून ठेवता येतात. हे कळल्यावर मटेरियल वाया जाणं एकदम थांबलं.

रंग देताना लोखंडी सुईनं ढवळायचं, स्टेनलेस स्टीलनं नाही. लोखंडाचा अंश मिसळला की कार्मिन गुणसूत्रांवर गडद चढतं. ही युक्ती जॉन बेलिंग यांची, १९२१ सालची, आणि शंभर वर्षांनंतर आमच्या लॅबमध्ये ती जशीच्या तशी चालते याचं मला फार अप्रूप वाटलं. कव्हरस्लिप ठेवून स्पिरीटच्या दिव्यावर हलकं गरम करायचं, उकळू द्यायचं नाही, मग टिपकागदाच्या घडीत धरून अंगठ्यानं सरळ दाबायचं. कव्हरस्लिप सरकली की पेशी गुंडाळल्या जातात आणि सगळं संपतं.

१२ जानेवारी

आज दिवसभर पूर्वावस्था एक, म्हणजे प्रोफेज वन. मायोसिसचा बहुतेक वेळ इथंच जातो. कांद्यात साधारण २० अंश तापमानाला पूर्ण मायोसिसला चार दिवस लागतात, गव्हात एका दिवसात उरकतं, आणि लिलीत आठवडाभराहून जास्त. त्या चार दिवसांतला मोठा वाटा प्रोफेज वनचा.

मला वाटतं की शाळेपासून आपल्याला मायोसिस चुकीच्या टोकाकडून शिकवतात. "गुणसूत्रांची संख्या निम्मी होते" हे पहिलं वाक्य, आकृतीत दोन रंगांच्या काड्या, बाण, आणि शेवटी चार गोल. निम्मं करणं हे शेवटचं आणि त्यातल्या त्यात सोपं काम आहे. अवघड काम म्हणजे जोडी लावणं. १६ गुणसूत्रं केंद्रकात एकमेकांत गुंतून पडलेली, त्यातल्या प्रत्येकानं आपला सजातीय जोडीदार, म्हणजे एक आईकडून आलेलं आणि एक बापाकडून आलेलं, नेमका तोच, शोधायचा आणि त्याच्या शेजारी टोकापासून टोकापर्यंत लागून बसायचं. हे झालं नाही तर पुढं काहीच धड होत नाही.

स्लाईडवर प्रोफेज वनची पहिली पायरी, लेप्टोटीन, म्हणजे नुसता बारीक धाग्यांचा गुंता, त्यात काही मोजता येत नाही. झायगोटीनमध्ये काही ठिकाणी धागे जाड दिसायला लागतात, म्हणजे दोन-दोन शेजारी आलेले. या काळात गुणसूत्रांची टोकं केंद्रकाच्या पडद्याला चिकटून एका बाजूला गोळा होतात, आणि शोधाशोध त्यामुळं सोपी होते असं मानतात. पॅकिटीनमध्ये सगळे धागे दुहेरी, जाड, ठसठशीत. एका पेशीत मला मधूनमधून गाठींसारखे ठिपके असलेला एक लांबलचक धागा जवळजवळ पूर्ण सापडला, मी मॅडमना हाक मारली, ग्रुपमधल्या सगळ्यांनी आळीपाळीनं बघितला.

जोडी जुळवताना पेशी स्वतःचाच डीएनए मुद्दाम तोडते हे वाचून मी थांबलेच होते. स्पो-११ नावाचं प्रथिन डीएनएच्या दोन्ही पट्ट्या जागोजागी कापतं, तुटलेलं टोक दुरुस्तीसाठी तसाच मजकूर शोधत निघतं, आणि तो मजकूर सजातीय गुणसूत्रावर सापडतो. दुरुस्तीच्या निमित्तानं ओळख पटते, आणि यातल्या काही ठिकाणी दोघांच्या तुकड्यांची खरोखर अदलाबदल होते, तेच क्रॉसिंग ओव्हर. जोडीच्या मधोमध प्रथिनांची शिडीसारखी रचना असते, सिनॅप्टोनेमल कॉम्प्लेक्स, ती १९५६ साली इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा ओळखली गेली. आमच्या मायक्रोस्कोपखाली ती दिसणार नाही, पण ती तिथं आहे हे माहीत असलं की पॅकिटीनच्या धाग्याकडं बघायची नजरच बदलते.

१३ जानेवारी

आज भोगी, कॉलेजला गेले नाही. संध्याकाळी आप्पांना मोबाईलमधले पॅकिटीनचे फोटो दाखवले. त्यांनी बराच वेळ बघितले आणि मग विचारलं, "एकाच गोंड्याचं बी, म्हणजे उळं, वेगळं काढून वाफ्यात टाकलं तरी सगळे कांदे सारखे का येत नाहीत? एखादा पांढरा का निघतो? गोंडा तर एकच."

प्रोजेक्टचा खरा प्रश्न हाच आहे असं मला वाटायला लागलंय. गोंडा एक असला तरी त्यातल्या प्रत्येक दाण्यामागं दोन वेगळे मायोसिस झालेले असतात, एक त्याच फुलाच्या बीजांडात आणि दुसरा कुठल्यातरी दुसऱ्या गोंड्याच्या परागकोशात, जिथून मधमाशीनं पराग आणला. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात, स्त्रीकेसर नंतर तयार होतो, म्हणून पराग बहुतेक बाहेरूनच येतो. लाल कांद्याच्या झाडात रंगाची एक चालू प्रत आणि एक बंद प्रत असू शकते, झाड तरीही लालच दिसतं. मायोसिसमध्ये त्या दोन प्रती वेगळ्या होतात. बंद प्रत मिळालेलं बीजांड आणि बंद प्रत मिळालेला परागकण एकत्र आले की पांढरा. आप्पा म्हणाले, "म्हणजे दोष गोंड्याचा नाही." मी म्हटलं दोष कुणाचाच नाही, ही वाटणीच अशी होते.

१६ जानेवारी

डिप्लोटीन आणि डायकायनेसिस, प्रोफेज वनच्या शेवटच्या दोन पायऱ्या. जोड्या आता सैल होतात, मधली शिडी सुटते, दोन्ही गुणसूत्रं एकमेकांपासून दूर व्हायला बघतात पण पूर्ण सुटत नाहीत, जिथं अदलाबदल झाली तिथं अडकलेली राहतात. त्या अडकलेल्या जागा म्हणजे कायाझ्मा. डायकायनेसिसमध्ये जोड्या आखडून जाड होतात आणि केंद्रकाच्या कडेला पसरतात, आणि तेव्हा मोजता येतं. आठ! आठ बायव्हॅलंट, प्रत्येकात दोन गुणसूत्रं. ज्या जोडीत दोन्ही बाहूंवर कायाझ्मा आहे ती कड्यासारखी दिसते, एकाच बाहूवर असेल तर दांडीसारखी.

कायाझ्मा म्हणजे अदलाबदलीची जागा हे बेल्जियमच्या यान्सन्स यांनी १९०९ मध्ये सॅलमँडरच्या पेशी बघून मांडलं होतं, तेव्हा बऱ्याच जणांना ते पटलं नव्हतं. दोन गुणसूत्रांचे तुकडे खरंच बदलतात याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा १९३१ साली हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात दिला, त्यांच्याकडं टोकाला गाठ असलेलं गुणसूत्र होतं आणि ती गाठ दाण्याच्या गुणांबरोबर कशी फिरते ते त्यांनी दाखवलं.

कांद्याच्याच कुळातली एक गंमत इथं नोंदवते. कांद्यात कायाझ्मा बाहूवर वेगवेगळ्या ठिकाणी पडतात. पण पातीसाठी लावतात तो वेल्श कांदा, ॲलियम फिस्टुलोसम, त्याचीही गुणसूत्रं १६च, तरी त्याच्यात कायाझ्मा जवळजवळ सगळे सेंट्रोमिअरला, म्हणजे गुणसूत्राचे दोन बाहू जिथं मिळतात त्या जागेला, खेटून पडतात, त्यामुळं त्याच्या जोड्या फुलीसारख्या दिसतात. एवढ्या जवळच्या दोन जाती, आणि अदलाबदल कुठं करायची हे दोघींचं वेगळं. अदलाबदल सेंट्रोमिअरपाशीच होत असेल तर त्या पट्ट्यातले जनुक तेवढे वेगळे होणार आणि बाहूच्या बाकीच्या भागातले गठ्ठ्यानं एकत्रच जाणार, आणि याचा परिणाम थेट संकरातून काय निघतं त्यावर.

१८ जानेवारी

मेटाफेज वन आणि ॲनाफेज वन, म्हणजे जोड्या मधोमध लागतात ती आणि वेगळ्या होतात ती अवस्था. आजची स्लाईड आतापर्यंतची सगळ्यात चांगली.

आठ जोड्या पेशीच्या मधोमध एका ओळीत. प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र एका ध्रुवाकडं तोंड करून, दुसरं दुसऱ्याकडं. दोन्हीकडून तंतू ओढतात आणि मध्ये कायाझ्मा धरून ठेवतो, अगदी रस्सीखेच, दोन्ही बाजूंचा ताण बरोबर बसला की पेशीला कळतं की जोडी नीट लागलीय. एखाद्या जोडीत कायाझ्माच नसेल तर ताण बसत नाही, दोन्ही गुणसूत्रं मोकळी फिरतात आणि कधी दोन्ही एकाच बाजूला जातात. म्हणून बहुतेक जीवांमध्ये प्रत्येक जोडीला निदान एक तरी कायाझ्मा असतोच. फळमाशीचा नर हा प्रसिद्ध अपवाद, त्याच्यात क्रॉसिंग ओव्हर होतच नाही आणि जोड्या धरून ठेवायची वेगळी सोय आहे, पण जोडी त्यालाही लागतेच.

बारावीत क्रॉसिंग ओव्हरचा फायदा म्हणून फक्त "विविधता" लिहायला सांगतात. विविधता हा पुढचा परिणाम झाला. त्या पेशीपुरतं बघितलं तर क्रॉसिंग ओव्हर ही बांधून ठेवायची गाठ आहे, आणि आधी बांधल्याशिवाय सरळ वेगळं करता येत नाही. आमच्या रिपोर्टमध्ये हाच मुद्दा मी सगळ्यात वर ठेवणार आहे.

ॲनाफेजमध्ये दोन्हीकडं आठ-आठ मोजले. इथं लक्षात ठेवायचं की प्रत्येक गुणसूत्र अजून दुहेरीच आहे, त्याच्या दोन प्रती, म्हणजे क्रोमॅटिड, सेंट्रोमिअरपाशी जोडलेल्या. क्रोमॅटिडना एकत्र धरणारं प्रथिन कोहेसिन, पहिल्या विभाजनात ते बाहूंवरचं कापलं जातं म्हणून जोडी सुटते, सेंट्रोमिअरपाशी मात्र शुगोशिन नावाचं प्रथिन त्याची राखण करतं, ते कोहेसिन दुसऱ्या विभाजनापर्यंत टिकतं. शुगोशिन हा जपानी शब्द, अर्थ राखणदार देव. आमच्याकडं प्रत्येक मळ्याच्या बांधावर असा एक असतोच.

१९ जानेवारी

रविवार, पण वाचत बसले. जोड्या, वाटणी आणि आनुवंशिकता यांचा मेळ घालणाऱ्यांत वॉल्टर सटन हे मोठं नाव. कॅन्ससमधल्या शेतकरी कुटुंबातला मुलगा, त्यानं तिकडचे मोठे नाकतोडे गोळा केले, ब्रॅकिस्टोला मॅग्ना, आणि १९०२-०३ मध्ये दाखवलं की गुणसूत्रं आकारानं ओळखू येतात, जोडीनं असतात आणि जोडीनंच वेगळी होतात, अगदी मेंडेलनं वाटाण्यात सांगितलेल्या घटकांसारखी. त्याच्याआधी १८८३ मध्ये व्हॅन बेनेडेननं घोड्याच्या जंतात बघितलं होतं की अंड्यात आणि शुक्राणूत दोन-दोनच गुणसूत्रं, आणि एकत्र आल्यावर चार. वाइजमननं १८८७ मध्ये तर नुसत्या तर्कानं सांगितलं की कुठंतरी संख्या निम्मी करणारं विभाजन असलंच पाहिजे, नाहीतर पिढीगणिक गुणसूत्रं दुप्पट होत जातील.

हिशोब केला. कांद्यात आठ जोड्या, प्रत्येक जोडी कुठल्या बाजूला तोंड करून बसते हे दुसरीवर अवलंबून नाही, म्हणजे दोनाचा आठवा घात, २५६ प्रकारच्या वाटण्या. हे फक्त अख्ख्या गुणसूत्रांचं, अदलाबदल धरलीच नाही. माणसात २३ जोड्या, त्याचे ८३,८८,६०८. चौऱ्याऐंशी लाखाच्या अगदी जवळ! आजीला सांगितलं तर ती म्हणाली आमच्या पोथीत आधीपासूनच आहे. पोथीतल्या योनींचा याच्याशी संबंध नाही हे तिला समजावलं, आकडा मात्र तिच्या लक्षात राहील, आणि माझ्याही.

२२ जानेवारी

दुसरं विभाजन. यात आधी डीएनएची नवी प्रत होत नाही हा कळीचा मुद्दा. प्रत एकदाच, विभाजन दोनदा, म्हणूनच निम्मं होतं. कांदा एकदलवर्गीय, त्यामुळं पहिल्या विभाजनानंतर लगेच मध्ये भिंत येते आणि दोन पेशींची डायड स्पष्ट दिसते, मग दोन्ही परत विभागून चार. द्विदल झाडांत बहुधा दोन्ही विभाजनं संपल्यावर एकदमच भिंती पडतात. टेट्राड भरपूर मिळाले, चार पेशी एका जाड चकचकीत वेष्टनात, ते वेष्टन कॅलोजचं, पुढं ते विरघळतं आणि चार परागकण सुटे होतात. यात जास्त लिहिण्यासारखं नाही, सूत्री विभाजन, म्हणजे पेशीचं नेहमीचं साधं विभाजन, बघितलेल्याला हे ओळखीचंच वाटेल.

२५ जानेवारी

कॉलेजच्या बागेत जांभळ्या पानांची ऱ्होइओ आहे, होडीसारख्या सहपत्रात बारीक पांढरी फुलं येतात. मॅडम म्हणाल्या जोडीचा एवढा पाठपुरावा करतेस तर हिचाही स्क्वॅश कर. केला, आणि दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

ऱ्होइओत गुणसूत्रं १२, म्हणजे सहा जोड्या दिसायला हव्यात. दिसतं काय तर एक लांब साखळी, आणि एखाद्या पेशीत बाराच्या बारा गुणसूत्रांचं एकच बंद कडं. पूर्वी कधीतरी या झाडाच्या गुणसूत्रांची टोकं एकमेकांशी बदलली गेली, त्यामुळं एका गुणसूत्राचा एक बाहू एकाशी जुळतो आणि दुसरा बाहू दुसऱ्याच कुणाशी. म्हणजे अख्खं गुणसूत्र जोडीदार ओळखतं असं नाही, त्याचा एकेक भाग आपल्यासारखा भाग शोधतो. वेगळं होताना कड्यातली एकाआड एक गुणसूत्रं एका बाजूला गेली तरच परागकणात पूर्ण संच येतो, क्रम चुकला की परागकण पोकळ. परागकणांची स्लाईड केली तर त्यात न रंगलेले, चिमलेले दाणे खूप, कांद्याच्या स्लाईडपेक्षा कितीतरी जास्त. झाड तरीही मजेत वाढतंय कारण ते फुटव्यांवर पसरतं.

२८ जानेवारी

मावशीकडून, रावेरहून, केळफूल आलं होतं, त्याच्या निमित्तानं केळीवर चर्चा. बाजारातल्या केळीत बी का नसतं याचं उत्तर परत जोडीपाशीच येतं. आपली खायची केळी बहुतेक ट्रिप्लॉइड, ११ चे तीन संच, एकूण ३३. तिघांची सरळ जोडी लागत नाही, दोघं जुळले तर तिसरं एकटं, वाटणी वेडीवाकडी होते आणि कामाचे युग्मक, म्हणजे फलनात एकत्र येणाऱ्या नर-मादी पेशी, जवळजवळ तयार होत नाहीत. आपल्या फायद्याचं, पण त्यामुळं केळीची सुधारित जात संकरातून काढणं फार अवघड, आणि सगळी बाग जवळजवळ एकाच झाडाच्या प्रती असल्यामुळं एखादा रोग आला की सगळ्यांना सारखाच.

लसूण आणखी वेगळा. कांद्याचा सख्खा भाऊ, गुणसूत्रं तीच १६, पण शेतात तो पाकळ्यांवरच चालतो, आणि आपल्याकडचा लसूण बहुधा फुलाचा दांडा काढतही नाही. म्हणून लसणाच्या कळ्यांवर काम करायचं राहून गेलं. वाटणीच बंद पडलेलं पीक नव्या गुणांसाठी पूर्णपणे अचानक होणाऱ्या बदलांवर अवलंबून राहतं, आणि कांद्यात एवढ्या जाती आहेत, लसणात त्या मानानं कमी, त्याचं एक मोठं कारण हेच.

१ फेब्रुवारी

मादीची बाजू. आतापर्यंत सगळं परागकोशाचं चाललंय आणि अर्धा हिशोब राहिलाय. कांद्याच्या अंडाशयात तीन कप्पे, प्रत्येकात दोन बीजांडं, म्हणून एका बोंडात जास्तीत जास्त सहा बिया. बीजांडातला मायोसिस स्क्वॅशनं दिसत नाही, मायक्रोटोमवर पातळ काप घ्यावे लागतात, आम्ही विभागातल्या जुन्या कायम स्लाईडी बघितल्या.

बहुतेक सपुष्प झाडांत मायोसिसनंतर चार पेशी होतात, तीन मरतात आणि एक उरते, तिच्यापासून भ्रूणकोश, ज्यात अंडपेशी असते. कांद्याची तऱ्हा वेगळी, आणि या तऱ्हेला नावच ॲलियम प्रकार असं पडलंय. पहिल्या विभाजनानंतर दोन पेशी होतात, त्यातली तोंडाकडची मरते, दुसरीत दुसरं विभाजन होतं पण मध्ये भिंत येत नाही, दोन केंद्रकं एकाच पेशीत राहतात आणि दोन्ही मिळून आठ केंद्रकांचा भ्रूणकोश बनवतात.

नर आणि मादीतला फरक माणसात तर आणखी मोठा. पुरुषात एका पेशीपासून चार शुक्राणू. स्त्रीत एकच अंडं, बाकीचा वाटा बारीक ध्रुवीय पेशींत टाकून दिला जातो. आणि मुलगी जन्माला यायच्या आधीच तिच्या अंडपेशी प्रोफेज वनमध्ये जाऊन थांबतात, गुणसूत्रं जोडीनं, कायाझ्मा धरून, आणि तशाच कित्येक वर्षं राहतात, महिन्याला एखादी पुढं सरकते. पस्तीस-चाळीस वर्षं एक गाठ धरून ठेवायची, त्यात ते कोहेसिन झिजत जातं, आणि म्हणून आईच्या वयाबरोबर चुकीच्या वाटणीची शक्यता वाढते. २१ व्या गुणसूत्राची तिसरी प्रत म्हणजे डाऊन सिंड्रोम, बहुतेक वेळा ही गडबड अंडपेशीच्या मायोसिसमध्ये झालेली असते. हे वाचल्यापासून माझं एक मत पक्कं झालंय, असं मूल झालं की आईला नावं ठेवणाऱ्यांना हा मायोसिस एकदा बसवून समजावला पाहिजे. यात तिनं काही केलेलं नसतं, तिच्या हातात काही नव्हतंच.

४ फेब्रुवारी

सर्वसाधारण पुस्तकात लिहिलेलं असतं "मायोसिसमुळं युग्मक तयार होतात." प्राण्यांत बरोबर. झाडात मायोसिसमधून बीजाणू तयार होतो, युग्मक नाही, आणि त्याच्या पुढं अजून साधी विभाजनं व्हावी लागतात. टेट्राडमधून सुटलेला परागकण एका केंद्रकाचा, मग त्यात सूत्री विभाजन होऊन एक मोठं नलिका केंद्रक आणि एक लहान जननपेशी. फुटायच्या बेतात असलेल्या परागकोशातल्या दाण्यांत ही दोन केंद्रकं ॲसिटोकार्मिननं छान रंगली.

मायोसिस व्यवस्थित होऊनही पराग वाया जाऊ शकतो, याचं उदाहरण कांद्यातच आहे आणि आजचं बरंचसं संकरित कांदा बियाणं त्यावर उभं राहिलं. १९२५ साली कॅलिफोर्नियात डेव्हिसला हेन्री जोन्स यांना इटालियन रेड जातीत एक झाड सापडलं, क्रमांक १३-५३, त्याला पराग धरतच नव्हता. बी धरलं नाही पण गोंड्यात बारीक कांद्या आल्या, त्यावर त्यांनी ते झाड टिकवलं. अशा झाडात विभाजन टेट्राडपर्यंत नीट होतं, मग परागकोशाचं आतलं अस्तर, टॅपेटम, जे परागकणांना पोसतं, तेच बिघडतं आणि दाणे पोकळ पडतात. असं झाड मादी म्हणून लावलं की स्वपरागणाची भीती नाही, फुलांतून पुंकेसर खुडत बसावं लागत नाही.

७ फेब्रुवारी

शेवटचं काम, परागनलिका. साखरेच्या द्रावणात थोडं बोरिक ॲसिड घालून ताजा पराग टाकला, काही तासांत दाण्यांतून नलिका निघाल्या. नलिकेतच जननपेशी विभागून दोन नरयुग्मक होतात, प्रत्येकात आठ गुणसूत्रं. झाडातला नरयुग्मक तयार होण्याची जागा ही, परागकोशातला मायोसिस संपल्यावर कितीतरी दिवसांनी. दोघांतला एक अंडपेशीशी मिळतो, आठ आणि आठ सोळा, ते रोप. दुसरा मधल्या दोन केंद्रकांशी मिळतो, आठ, आठ आणि आठ चोवीस, तो त्या काळ्या बियातला साठा, ज्यावर उळं टाकल्यावर कोंब आधी जगतो.

स्लाईडी नेलपॉलिशनं बंद करून लेबलं लावली. मळ्यात कडेच्या सरीतल्या एका गोंड्याला मी लाल दोरा बांधलाय, पराग मधमाश्या आणतील तिथून येऊ दे, झाकायचा नाही. एप्रिलात त्याचं उळं वेगळं निघेल, ऑक्टोबरात वेगळ्या वाफ्यात टाकायचं आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कांदे काढताना लाल किती, पांढरे किती, फिकट किती ते मोजायचं. आप्पांनी वाफ्याची जागा विहिरीजवळ दिलीय.